बारीक दाण्याचं सोवळं

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण फिल्म धुवायचं पाणी वीस अंशांचंच हवं, एकवीस झालं तर अनर्थ, हे छातीठोकपणे सांगणारी माणसं मला दर रविवारी भेटतात. क्रांती चौकाच्या अलीकडे एक चहाचं हॉटेल आहे, तिथं ती सकाळी जमतात. त्यांच्यात मी एकटीच बाई. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, वय पन्नाशीच्या पुढे, आणि गेली काही वर्षं मला कृष्णधवल फोटोंचं खूळ लागलं आहे. खूळ हा शब्द माझ्या नवऱ्याचा. आमच्या मंडळात त्याला साधना म्हणतात.

या साधनेचं दैवत म्हणजे दाणा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फिल्मवरचं काळंपांढरं चित्र चांदीच्या कणांचं बनलेलं असतं. फिल्म मंद असली, म्हणजे तिला उजेड जास्त वेळ लागत असला, की कण बारीक. फिल्म जलद असली की कण जाड. फोटो मोठा करत गेलं की हे कण डोळ्यांना दिसायला लागतात. तेवढंच आहे सगळं. पण मंडळात कुणाच्या फोटोत जाड दाणा दिसला, तर बाकीचे घास खाताना खडा लागल्यासारखं तोंड करतात आणि त्या माणसाच्या प्रकृतीची चौकशी करतात.

मंडळाचे म्होरके दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्यात जिन्याखाली एक अंधारी खोली आहे. पूर्वी तिथं एक्स-रे धुवायचे. पुढे एक्स-रे कॉम्प्युटरवर गेले आणि खोली दाण्याच्या सेवेला रिकामी झाली. फोटो मोठा करायचं यंत्र गावात बहुधा त्यांच्याकडेच उरलंय, आणि खोलीची किल्ली त्यांच्या खिशात असते, त्यामुळे त्यांचा शब्द आम्ही सहसा खाली पडू देत नाही. फिल्मच्या औषधातलं सल्फाइट पाण्यात कसं विरघळवायचं हे त्यांनी मला एकदा चहा थंड होईपर्यंत समजावलं होतं. मी हेच पगार घेऊन पोरांना शिकवते हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी मान डोलावत राहिले.

बारीक दाणा तपासायचा तर विटांची भिंत लागते. प्रत्येक वीट, तिच्यातली प्रत्येक फट, सिमेंटचा प्रत्येक ओघळ स्वच्छ दिसला पाहिजे. त्यामुळे मंडळातल्या प्रत्येकाच्या घरी विटांच्या भिंतींचे अप्रतिम फोटो आहेत. बायकापोरांचे फोटो फोनमध्ये आहेत. एकाने मकबऱ्याच्या मिनारांचा फोटो काढून आणला, तर सगळ्यांनी भिंगातून फक्त आभाळाचा कोपरा पाहिला, कारण दाणा आभाळात आधी दिसतो. मिनार आले होते का, हे कुणी विचारलंच नाही.

अशा थोर माणसांच्या हातात मी माझ्या मावशीची इच्छा नेऊन दिली.

मावशी पिशोरला राहते. माझ्या आईची थोरली बहीण. माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरं. आईला नोकरदार नवरा मिळाला म्हणून आम्ही शहरात वाढलो; मावशी मात्र उभं आयुष्य मेंढरांमागं चालली. पावसाळा सरला की घरदार घोड्यावर लादून निघायचं, कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पुन्हा पुढचं रान. आता तिचे गुडघे गेलेत. मेंढरं दिराच्या नातवांकडे आहेत. ती दिवसभर ओसरीत बसते, आणि समोरच्या भिंतीवर काकांचा, म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याचा फोटो आहे.

त्या फोटोचीही कथा आहे. काकांनी आयुष्यात स्वतःचा फोटो काढवून घेतला नाही. एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवलेली असताना त्याच्या घरी लग्न निघालं, आणि फोटोवाल्याने वऱ्हाड उभं केलं तेव्हा कुणीतरी काकांनाही ओढून शेवटच्या रांगेत घेतलं. मावशी तेव्हा रानात मेंढरांपाशी होती. कुणीतरी थांबायलाच हवं होतं. काका गेल्यावर त्या वऱ्हाडातून त्यांचं तोंड शोधलं, कापलं आणि कन्नड गावच्या स्टुडिओतून मोठं करून आणलं. तिळाएवढं तोंड ताटाएवढं केलं. त्यात फेटा कळतो, मिशा कळतात, आणि डोळ्यांच्या जागी डोळे असावेत असं वाटतं. बाकी सगळा भरड दाणा.

मावशीला त्या फोटोशेजारी आपला फोटो हवा होता. आणि तो आत्ता हवा होता. तिच्या मुलाचं, माझ्या मावसभावाचं म्हणणं असं की जित्या माणसाचा फोटो मेलेल्याच्या शेजारी लावत नाहीत, घराला बरं नसतं. दादा शेंद्र्याच्या कंपनीत आहे, करमाडला राहतो, सुट्टीला पिशोरला येतो. मशिनवर रोबोट चालवतो, पण या बाबतीत त्याचं मत पक्कं. वेळ आली की लावू, असं तो आईला समजुतीनं सांगायचा. ते ऐकून मावशी एकदा मला म्हणाली, "मी मेल्यावर लावताल तुमी. मग मी काय बघाया येणार हाय का? आमी दोघं शेजारी कसं दिसतो, ते मला बघायचंय. उभ्या जन्मात एका फोटोत नाय आलो."

ती हे रडून वगैरे बोलली नाही. शेंगा सोलता सोलता बोलली.

दादाने मधला मार्ग म्हणून फोनवर तिचा एक फोटो काढला आणि शहरातल्या एका दुकानातून मोठा करून आणला. दुकानदार हौशी असावा. त्याने मावशीला गोरी केली, सुरकुत्या पुसल्या, आणि पाठीमागे एक तळं घातलं, तळ्यात दोन हंस. मावशीने तो फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि ही बाई कोणाकडची, असं विचारलं. तो फोटो आता पिठाच्या डब्यावर झाकण आहे.

तेव्हा मी पुढे सरसावले. म्हटलं, मी काढते. काळापांढरा, काकांच्यासारखा, कागदावर, अस्सल.

मंडळात ही बातमी सांगितली आणि चहाच्या टेबलावर चैतन्य पसरलं. ऐंशी वर्षांची बाई, उन्हात रापलेली, तोंडभर सुरकुत्या! डॉक्टर म्हणाले की विटांच्या भिंतीनंतर दाण्याची खरी परीक्षा म्हातारीच्या चेहऱ्यावरच होते. मावशीला काय हवंय हे मी सांगत होते, पण तोवर चर्चा फिल्मवर गेली होती. शंभरची फिल्म म्हणजे तडजोड, असं ठरलं; आकडा जितका लहान, तितकी फिल्म मंद. पंचवीसची मिळत नाही म्हणून सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मग पन्नासच्या फिल्मवर एकमत झालं, आणि ती कोणत्या औषधात धुवायची यावर दोन सभ्य गृहस्थ एकमेकांशी बोलेनासे झाले. ते अजून बोलत नाहीत. फिल्म मुंबईहून मागवली. ती येईपर्यंत मावशी रोज फोन करून विचारायची की माझा फोटो कवा काढायचा. मी सांगायचे, फिल्म येतेय. तिला वाटत असावं की मी सिनेमा काढणार आहे.

मंद फिल्मचा त्रास असा की माणसाने हलायचं नाही. कॅमेरा तिपाईवर, मावशी ओसरीत खुर्चीवर, मी सांगतेय, श्वास रोखून धर. तिने श्वास असा रोखला की तिचे डोळे बाहेर आले. पुढच्या वेळी नेमकी कोंबडी आत शिरली आणि मावशीने खुर्चीवरूनच तिला हाकललं. नंतर शेजारीण डोकावली आणि कसला कार्यक्रम आहे म्हणून बसलीच. मावशी तिला सगळं समजावून सांगू लागली. मी त्या दोघींवर ओरडले. त्या धसक्याने मावशी क्षणभर गप्प आणि स्थिर बसली, आणि तेवढ्यात मी काम उरकलं.

फिल्म धुतली ती घरी, एप्रिल महिन्यात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देत होतं. माठातलं पाणी, बर्फ आणि थर्मामीटर घेऊन मी स्वयंपाकघरात ठाण मांडलं. फिल्मचा डबा उलटासुलटा किती हळुवार करायचा याचं डॉक्टरांनी आदल्या दिवशी फोनवरून प्रात्यक्षिक दिलं होतं. आमच्याकडे त्याच दिवशी कितीतरी दिवसांनी नळ आला होता, आणि नवरा घरातली पातेली, बादल्या, कुकरसुद्धा भरत सुटला होता. त्यातच मला फिल्म खळखळून धुवायला वाहतं पाणी हवं होतं. त्याने नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हाताखाली बादली सरकवली. दोन दिवस आमच्या संडासात ते पाणी वापरलं.

फोटो मात्र उतरला. असा उतरला की मंडळात भिंग हातोहात फिरलं. मावशीच्या पापण्यांचा केस न् केस सुटा. नथीच्या भोकाजवळची खूण, हनुवटीवरचं हिरवं गोंदण, लुगड्याच्या काठाचा धागा. डॉक्टरांनी तिच्या खालच्या दातांबद्दलही मत दिलं. एक गृहस्थ भिंग लावून इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं त्यांना भरून आलंय. मग ते म्हणाले, "दाणा कुठंच नाही." माझी कॉलर ताठ झाली. कॉलर नव्हती, पण झाली.

फोटो चौकटीत बसवून मी पिशोर गाठलं. काकांचा फोटो भिंतीवरून उतरवून खाटेवर ठेवला, शेजारी मावशीचा ठेवला. ती वाकून पाहत राहिली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मी कौतुकाची वाट पाहत होते.

"फोटू लई चांगला हाय," ती म्हणाली, आणि हात काढून घेतला. "पर मी त्याच्यापाशी नाय. तू मला लई जवळून काढलं. मी तुझ्यापाशी बसलेय अन् तो कुठं तिकडं लांब उभा हाय."

मला राग आला. चांगलाच आला. मुंबईची फिल्म, बर्फ, दोन माणसांची मैत्री, आठवड्याचं पाणी, एवढं सगळं खर्ची घालून बाई म्हणते, शेजारी वाटत नाही. मी तिला म्हटलं की याहून चांगला फोटो अख्ख्या जिल्ह्यात कुणी काढून देणार नाही. तिने लगेच कबूल केलं. चांगलाच हाय, म्हणाली. तुझ्या घरी लाव.

मी फोनवर दोन्ही फोटोंचा शेजारी शेजारी असा फोटो काढला आणि तणतणत परत आले. रात्रीपर्यंत तणतणलेच. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तास संपल्यावर फोन उघडून पाहिला आणि मग मात्र तिचं म्हणणं दिसायला लागलं. काका शेवटच्या रांगेत उभे होते, दुसऱ्याच्या लग्नात, फोटोवाल्यापासून सगळ्यांत लांब. ते लांबचेच राहिले होते. मावशीची पापणी मोजता येत होती आणि काकांचे डोळे शोधावे लागत होते. आम्ही बारीक दाण्याने तिला नवऱ्यापासून होती त्याहून लांब नेऊन बसवली होती. ते दोघं एका जागी यायचे तर काका काही जवळ येऊ शकत नव्हते. मावशीलाच लांब जावं लागणार होतं.

मग मी मंडळाच्या घटनेतलं एकेक कलम मोडायला घेतलं. चारशेची जलद फिल्म घेतली, शहरात कुणाकडे तरी पडून होती ती. तिपाई नेली नाही. मावशीला म्हटलं, चल, मेंढरांकडे जाऊ. दिराचे नातू तेव्हा ओढ्यापलीकडच्या रिकाम्या रानात मेंढरं चारत होते. दोघांनी तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून तिथं नेलं. मी ओढ्याच्या अलीकडेच थांबले. मावशीने पलीकडून ओरडून विचारलं की एवढ्या लांबून तोंड दिसंल का. मी ओरडून सांगितलं, काकांचं दिसतं तेवढं दिसेल. त्यावर ती काठी टेकत मेंढरांमागं चालायला लागली. मी तिला चालायला सांगितलं नव्हतं. गुडघ्यांचं तिला भान राहिलं नसावं, आणि मला कॅमेऱ्याचं. रीळ संपलं तरी मी बटण दाबत होते.

ही फिल्म मी टाकीतल्या गरम पाण्यात, जालीम औषधात, वेळ निम्म्याहून कमी करून धुतली. रसायनशास्त्राला त्याचं काही वाटत नाही. सोवळं त्यात माणसांनीच घातलंय. फोटो मोठा करायला मात्र डॉक्टरांकडे जाणं भाग होतं. फिल्मवर मावशीचं तोंड तिळाएवढं होतं. यंत्र शेवटच्या टोकापर्यंत वर नेलं तरी पुरेना, म्हणून मी त्याची मान फिरवून उजेड थेट जमिनीवर पाडला आणि फरशीवर कागद अंथरला. यंत्र पुढे कलंडू नये म्हणून मागच्या बाजूला डॉक्टरांची दंतशास्त्राची जाडजूड पुस्तकं ठेवली. लाल दिव्यात कागदावर भरड दाणा उमटायला लागला तसे डॉक्टर अस्वस्थ झाले. हा ज्वारीचा रवा आहे, असं म्हणाले. यासाठी आपण हे यंत्र ठेवलेलं नाही, असंही म्हणाले. बाहेर एका पेशंटची दाढ दुखत होती. ते त्याच्याकडे निघून गेले, आणि त्या दाढेचे मी मनातल्या मनात आभार मानले.

परत आले तेव्हा फोटो दोरीवर वाळत होता. डोक्यावरचा पदर कळत होता, काठी कळत होती, डोळ्यांच्या जागी डोळे असावेत असं वाटत होतं. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. भिंग त्यांनी खिशातून काढलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

पुढच्या रविवारी मंडळात नवा पंथ निघाला. जाड दाण्यातच आत्मा असतो, असं डॉक्टरांनी प्रतिपादन केलं. फिल्म औषधात किती वेळ ठेवून ताणायची, औषध किती गरम करायचं, यावर वाद सुरू झाले, आणि पाणी पस्तीस अंशांचंच हवं, चौतीस झालं तर अनर्थ, असा निष्कर्ष निघाला. मंडळी आता विटांच्या भिंतींचे फोटो लांबून काढतात. डॉक्टरांना माझा फोटो प्रदर्शनात हवा होता, त्याला एक इंग्रजी नावही त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, त्याची जागा ठरलेली आहे.

पिशोरला गेले तेव्हा दादाची सुट्टी होती. तो घरीच होता. मी दोन्ही फोटो पुन्हा खाटेवर शेजारी शेजारी ठेवले. मावशी वाकली. या वेळी तिने इकडेतिकडे पाहिलं नाही, मधोमधच पाहत राहिली.

"आता बराबर," ती म्हणाली. "वाटंनं तो पुढं असायचा अन् मी घोडं धरून मागं. मधी सगळी मेंढरांची धूळ. मला तो असाच दिसायचा. त्यानं कवा मागं वळून बघितलं असंल, तर मी बी अशीच दिसली असंल."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. पण दादाचं मत बदललं नव्हतं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की फोटो झकास झालाय, आपण त्या समोरच्या भिंतीला लावू, नाहीतर आतल्या खोलीत. बापाशेजारी नको. बाप हार घातलेला, आई जिती. लोक काय म्हणतील, आणि घराला चांगलं नसतं ते.

मावशीने खाटेवरचा काकांचा फोटो मांडीवर घेतला आणि त्याच्यावरचा चंदनी हार दोन्ही हातांनी सोडवला. चौकटीच्या मागच्या खिळ्याला दोरा अडकला होता, तो दातांनी तोडला. पदराने काच पुसली. मग हार दादाच्या हातात दिला.

"झालं का आता?" ती म्हणाली. "लाव दोघांला शेजारी. आल्यागेल्याला काय कळायचं काम हाय, कोण जित्तं अन् कोण मेलं ते."

दादा हार हातात घेऊन ओसरीत उभा राहिला. तो ठेवायचा कुठं हे त्याला कळेना. शेवटी त्याने तो खिशात कोंबला आणि शेजारच्या घरी हातोडी मागायला गेला.